वाचून दाखवला

वामनराव ढोमणे गेले त्याला आता दोन महिने होत आले. आमच्या गल्लीत त्यांना सगळे जमादार म्हणत. निवृत्त झाले तेव्हा ते सहायक फौजदार होते, जमादाराच्या एक पायरी वर. पण नागपूरच्या महालात एकदा पडलेलं नाव सरकारी बढतीनं बदलत नाही.

मी महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. आता संध्याकाळी घराच्या पुढच्या छपरीत गल्लीतली दहाबारा मुलं घेऊन बसतो. वामनराव समोरच राहायचे. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून ते आले आणि म्हणाले, "गुरुजी, कोपऱ्यात बसू का? बोलणार नाही मी काही."

आठ दिवस खरंच बोलले नाहीत. नवव्या दिवशी बंटीनं 'माझी आजी' हा निबंध लिहून वही माझ्याकडे सरकवली, तेव्हा वामनरावांनी मध्येच हात आडवा घातला. "असा नाही द्यायचा गा. आधी वाचून दाखव."

बंटी वाचू लागला. "माझी आजी रोज सकाळी मला आठवते."

"कुठं गेली तुही आजी?"

"कुठंच नाही जी. घरीच हाय. मायसंग भांडून राहिली."

"मंग आठवते कायले? आठवते का उठवते?"

मुलं हसून लोळली. बंटीनं लाजत 'आठवते' खोडलं आणि 'उठवते' केलं. त्या दिवसापासून छपरीत नियमच झाला. लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचायचं, मग वही द्यायची. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. मुलांच्या निम्म्या चुका त्यांच्याच कानांना सापडायला लागल्या.

वामनराव गल्लीतल्या लोकांचे अर्जही लिहून द्यायचे. रेशन कार्डावर नाव चढवायचं असो की शाळेचा दाखला काढायचा असो, अक्षर त्यांचंच. त्यांचं अक्षर फार देखणं होतं. अर्ज लिहून झाला की ओळीखाली बोट फिरवत तो सगळा मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी विचारायचे, "बरोबर आहे का?" समोरच्यानं नुसती मान हलवलेली चालत नसे. तोंडानं "बरोबर आहे" म्हटल्याशिवाय ते सही करू देत नसत. घाईत असलेली माणसं वैतागायची. त्यांच्या पत्नी प्रेमलतावहिनी हसून सांगायच्या, "लग्नाची पत्रिका आली तरी मले वाचून दाखवते हा माणूस. आन् वर इचारते, बरोबर आहे का म्हणून. जसं काही माहंच लग्न आहे!"

मला वाटायचं, पोलिसातली सवय. ठाण्यात प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली सही किंवा अंगठा. बत्तीस वर्षं ती ओळ लिहून हाताला वळण पडलं असेल, एवढाच माझा समज.

या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी ते चार मोठे कागद घेऊन आले. तोवर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, पण अक्षर अजून वाचता येत होतं.

"शुद्धलेखन पाहून द्या," ते म्हणाले. "आन् पाहून झालं की कोणापाशी बोलू नका. हिच्यापाशी पण नाही."

ते गेल्यावर मी वाचलं. पहिल्या ओळीलाच थांबलो. जबाबाची सुरुवात नेहमी 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' अशी असते. इथं लिहिलं होतं, 'मी, वामन गणपत ढोमणे, वय ७३ वर्षे, सेवानिवृत्त सहायक फौजदार, राहणार महाल, नागपूर, कोणी विचारले नसताना सांगतो की'.

गोष्ट १९९६ सालची. नरखेड तालुक्यातल्या बेलखेडी गावात सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, आणि एका शेतकऱ्याच्या डोक्यात कोणीतरी मोटारीचा लोखंडी पाना घातला. तिसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात दगावला. मारणाऱ्याला पळताना एकटीनं पाहिलं होतं, मनकर्णा नावाच्या एकोणीस वर्षांच्या सुनेनं. ती पळणारा माणूस ओळखत होती. तो तिचा सासरा होता. आणि तिनं ते पोलिसांना सांगितलं. घरात राहायचं त्याच घरी, जेवायचं त्याच चुलीवर, तरी सांगितलं. जबाब लिहून घ्यायला वामनराव बसले होते.

ती म्हणाली, "मामाजीच्या हातात पाना होता."

वामनरावांनी लिहिलं, 'मामाच्या हातात पाना होता.'

आमच्याकडे बोलण्यात पावलोपावली 'जी' असतो. हो जी, काय जी, बसा जी. कागदावर तो घ्यायचा नाही, ही ठाण्यातली रीत. काकाजीचा काका होतो, भाऊजीचा भाऊ होतो, कोणाचं बिघडत नाही. पण मामाजीतला जी नुसता मानाचा नाही. मामा म्हणजे आईचा भाऊ. मामाजी म्हणजे सासरा. आणि मनकर्णाला सख्खा मामा होता. त्याच गावात, त्याच विहिरीवर त्याचीही पाळी होती. रुपराव त्याचं नाव. आईबापाविना पोर, त्यानं आणि मामीनं वाढवली, त्यांनीच गावातच देऊन टाकली.

'मला फरक माहीत नव्हता असे नाही,' वामनरावांनी लिहिलं होतं. 'माझी बायकोही माझ्या वडिलांना मामाजीच म्हणायची. कानाने बरोबर ऐकले, हाताने सवयीने काढून टाकले. वाचून दाखवला असता तर तिने तिथेच सांगितले असते. पण साहेबांना भूक लागली होती. ते जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते. मी वाचून दाखवला नाही, आणि वाचून दाखवला असे लिहिले, आणि तिचा अंगठा घेतला.'

त्या कागदावर रुपराव चौदा महिने तुरुंगात राहिला.

खटल्यात मनकर्णा पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मी मामा म्हटलं नव्हतं, मामाजी म्हटलं होतं. तेव्हा वामनरावांना साक्षीला बोलावलं. वकिलानं शपथेवर विचारलं, जबाब हिला वाचून दाखवला होता का? ते म्हणाले, "होय." तिनं बरोबर आहे असं सांगितलं होतं का? ते म्हणाले, "होय."

'नोकरी जाईल या भीतीने मी दोन वेळा होय म्हटले,' असं तिसऱ्या पानावर होतं. 'त्यामुळे ती खोटी ठरली.'

रुपराव संशयाचा फायदा मिळून सुटला. सासऱ्याला कोणी हात लावला नाही. सासरच्यांनी मनकर्णाला घराबाहेर काढलं, कारण तिनं कोर्टात सासऱ्याचं नाव घेतलं. आणि मामानं तिला घरात घेतलं नाही, कारण त्याच्या लेखी तिनं आधी त्याचंच नाव घेतलं होतं आणि मग लाज वाटून फिरवलं होतं. तेव्हापासून ती गावाच्या कडेला एका खोलीत एकटी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मामाचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. मामा तिचं नाव घेत नाही.

शेवटी होतं, 'हा जबाब मला रुपराव आणि मनकर्णा या दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवायचा आहे. रुपराव आता ७६ वर्षांचे आहेत.'

मी काय केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही. मी लाल पेन काढला. आठ दिवस मी ते कागद ठेवून घेतले. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, आणि जिथं जिथं 'मामाजी' होतं तिथं खोडून 'सासरे' केलं. गावठी शब्द, लेखनात सासरे हवं. इतकी वर्षं मुलांच्या वहीत हेच करत आलो होतो.

वामनरावांनी कागद हातात घेतले, लाल खुणा पाहिल्या. 

"गुरुजी," ते म्हणाले, "तिनं सासरे नव्हतं म्हटलं."

मला एकदम कळलं आणि बसल्या जागी मान खाली गेली. "अहो, वर नुसतं बारीक लिहून देतो मी. मामाजी..."

"नाही नाही. खाडाखोड असलेला जबाब नाही चालत. मी पुन्हा लिहितो."

"मी लिहून देतो. तुमचा हात..."

"तुमच्या अक्षरात कसा चालन? हात माहाच पाहिजे नं."

ते पुन्हा लिहायला बसले. दिवसाला अर्धं पान होई. कधी तेवढंही नाही. मी सकाळी खिडकीतून पाहायचो, समोर टेबलाशी पाठ वाकवून बसलेले असायचे, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलेलं. एकदा मी म्हटलं, परीक्षा झाल्या की उन्हाळ्यात जाऊ, घाई काय आहे. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मी तीनदा गेलो आहे बेलखेडीले. निवृत्त झाल्यावर. तिन्ही वेळा फाट्यावर उतरलो, चहा पेलो, आन् आलेल्या एसटीनं वापस आलो. या खेपेले तुम्ही संगं राहा. माहे पाय वळले तर धरून ठेवा."

एका रविवारी लिहून संपलं. गुरुवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. मंगळवारी सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच खाली बसले आणि उठले नाहीत.

तीन आठवडे. माझ्या लाल पेनानं तीन आठवडे खाल्ले. ते नसते तर हा माणूस आपल्या पायानं बेलखेडीत शिरला असता.

तेरवीला खूप माणसं आली. मुलगा अमोल पुण्याहून आलेला. ठाण्यातली जुनी मंडळी होती, त्यांनी दंगलीतला बंदोबस्त सांगितला, कन्हानच्या पुरात काढलेली माणसं सांगितली, एकानं सन्मानचिन्हाची गोष्ट सांगितली. सगळं खरं होतं. अमोल मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पण दोन शब्द बोला. बाबा तुमच्याकडेच असायचे." मी उभा राहिलो. तोंडात दोनच शब्द होते, वाचून दाखव. ते म्हणालो आणि खाली बसलो. मागे आमच्या छपरीतली मुलं उभी होती. त्यातली खुशी रडायला लागली, तिला पाहून बंटी. मोठ्या माणसांना वाटलं, गुरुजींना भरून आलं.

चार दिवसांनी अमोल परत गेला. त्याच दुपारी प्रेमलतावहिनी आल्या. हातात कागद.

"याच्या टेबलात होते. वर तुमचं नाव लिवलं आहे. म्या वाचले नाहीत. माहा चष्मा फुटला आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "आन् चष्मा असता तरी वाचले नसते. यानं लपवून ठेवले होते माह्यापासून. काय आहे यात?"

मी कागद उलटून शेवटचं पान पाहिलं. जबाब पूर्ण होता, सही होती, पण त्याखालची ठरलेली ओळ नव्हती. चार बोटं जागा कोरी सोडली होती. वाचून दाखवण्याआधी ती लिहायची नाही.

"वहिनी, हे दोन माणसांना वाचून दाखवायचं आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

"आता ते म्हणाले नाहीत. मी म्हणून राहिली. वाचा."

मी वाचलं. त्या दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, वामनरावांच्याच.  संपल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"साहेबाले भूक लागली होती?" त्यांनी विचारलं. "इतक्यासाठी?"

मी कागदांची घडी घातली.

"त्या दिवशी हे घरी आले असतीन नं. जेवले असतीन. म्याच वाढलं असन." मग त्यांचा आवाज चढला. "जाऊ द्या नं गुरुजी. माणूस गेला. साऱ्या गावानं चांगलं म्हटलं. आता त्याच्या नावाले काळं फासाले तुम्ही बेलखेडीले जाता? माह्या अमोलनं ऐकलं तर?"

"तुम्ही नको म्हटलं तर नाही जाणार," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मला सुटका हवी होती.

त्या उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दाराशी उभ्या. पायात चपला, हातात पिशवी.

"चला. मी येते. तुम्ही एकटे वाचान तर ते लोक म्हणतीन, मास्तरनं लिवून आणलं. मी बसली राहीन तर कागद त्याचा होईन."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. काटोल गेलं तशी संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. तोडणी चालू होती, रस्त्याच्या कडेला पेट्यांचे ट्रक उभे होते. फाट्यावर उतरलो तेव्हा तिथं चहाचं दुकान होतं. प्रेमलतावहिनी त्या दुकानाकडे पाहत क्षणभर थांबल्या.

"इथंच पेत असन चहा."

"हो."

"चला," म्हणाल्या, आणि माझ्या आधी चालायला लागल्या.

शाळेची खिचडी उरकून मनकर्णा भांडी घासत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, केस अर्धे पांढरे, हाताला राख. मी नाव सांगितलं, कशासाठी आलो ते सांगितलं. 'जमादार' शब्द ऐकताच तिच्या हातातला झारा थांबला.

"मेले का ते?"

"हो."

"कवा?"

"झाले वीस दिवस."

तिनं हात धुतले. प्रेमलतावहिनींकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि ओळखलं.  आतून पाण्याचा गडवा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"दोघांना एकत्र वाचायचं आहे," मी म्हणालो. "रुपराव इथं येतील का?"

"मामा?" तिला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. "माह्या सावलीतून नाही जात ते. तुम्ही तिथं जाऊन वाचा. मी बाहीर उभी राहीन. मोठ्यानं वाचा मातर. त्यायले कमी ऐकू येते."

रुपराव अंगणात खाटेवर बसले होते. सुकलेला, उंच माणूस. मला त्यांनी नीट ऐकून घेतलं, प्रेमलतावहिनींना खाटेवर बसायला जागा करून दिली. फाटकाबाहेर रस्त्यावर मनकर्णा येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"वाचा," म्हणाले. "जमादाराचं अक्षर मी ओळखतो. कोर्टात पाह्यलं आहे."

मी वर्गात कविता वाचतो तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं वाचलं. गल्लीतली दोनचार माणसं थांबली. मामाजीच्या ओळीपाशी आलो तसा रुपरावांनी हात वर केला.

"पुन्हा वाचा ते."

मी पुन्हा वाचलं. 'ती मामाजी म्हणाली. मी मामा लिहिले.'

"जी?"

"हो. जी."

"इतकुसाच?" त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मग हात खाटेवर ठेवला. "वाचा पुढं."

मी शपथेचं वाचलं, दोन वेळा होय म्हटल्याचं वाचलं. संपलं. प्रेमलतावहिनी खाली मान घालून बसल्या होत्या, हात मांडीवर, एखाद्या आरोपीसारख्या.

रुपराव बोलले ते कोणाकडेच न पाहता. "कोर्टात पोरीनं सांगितलं होतं, मामाजी म्हटलं म्हणून. म्या ऐकलं होतं. पण हा सरकारी माणूस शपथ घेऊन सांगते, वाचून दाखवला. मले वाटलं, याचं काय अडलं? हा कायले खोटं बोलन?" त्यांनी घसा साफ केला. "माही भागीरथा, हिची मामी, चार वर्षांखाली गेली. मरता मरता म्हणे, पोरीनं घात केला. तिच्या हातचं पाणी नको लावू मले. बाहीर तवाही ही अशीच उभी होती. उशीर झाला गा मास्तर. चार वर्षं उशीर झाला."

 पण वामनरावांचं काम अर्धं राहिलं होतं, आणि ते मलाच करायचं होतं. मी विचारलं, "बरोबर आहे का?"

"मले काय इचारता? मी तर तिथं नव्हतोच. कुठंच नव्हतो मी." रुपरावांनी पहिल्यांदा मान फाटकाकडे वळवली, पूर्ण नाही, थोडीशी. "तिले इचारा."

मी फाटकाकडे पाहिलं. "मनकर्णाबाई, बरोबर आहे का?"

ती फाटकाची कडी धरून उभी होती.

"एक चुकलं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"त्यात लिवलं आहे, साहेब हारन वाजवत होते म्हणून वाचून नाही दाखवला. पण म्या म्हटलं होतं. वाचून दाखवा नं जी, म्या म्हटलं होतं. ते म्हणाले, वाचाचं काय आहे त्यात, तूनं सांगितलं तेच तर आहे. ते राह्यलं लिवाचं."

मी कागदाकडे पाहत राहिलो. वामनराव हे विसरले होते, की लिहिण्याचं धैर्य झालं नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही. विसरले असतील असं मी धरून चालतो. शेजारी प्रेमलतावहिनींचा श्वास ऐकू येत होता.

"वहिनी?"

"लिवा," त्या म्हणाल्या. "ती सांगते तसंच लिवा. तुमच्या मनचं नका लिवू."

कोऱ्या जागेत मी लिहिलं. तिचेच शब्द, जी सकट. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुन्हा विचारलं, "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मनकर्णा म्हणाली.

तेव्हाच ती ठरलेली ओळ मी खाली लिहिली, आणि फाटकाकडे गेलो. तिला निशाणी करता यावी म्हणून कागद सळयांवर टेकवला. वारा सुटला होता. कागद फडफडला.

"तिले म्हणा," रुपराव आपल्या पायांकडे पाहत म्हणाले, "आत येऊन कर म्हणाव. रस्त्यावर कागद उडते."

मनकर्णानं कडी काढली. अंगणात दोन पावलं आली आणि तिथंच थांबली, जणू पुढची जमीन तिला माहीत नव्हती. खाटेवर जागा होती, तरी खाली बसली. मी अंगठ्यासाठी शाईचं काय करावं या विचारात पडलो होतो, ते तिच्या लक्षात आलं.

"अंगठा नाही देत मी आता कोणाले," ती म्हणाली. "शाळेत पोट्टे पाटीवर लिवतात, ते पाहू पाहू शिकली."

प्रेमलतावहिनी खाटेवरून उतरून तिच्यासमोर बसल्या आणि दोन्ही हातांनी कागद जमिनीवर दाबून धरला. मनकर्णानं माझा पेन मुठीत पकडला. म काढला, न काढला. क काढायला वेळ लागला. रुपराव आता तिच्या हाताकडे पाहत होते, लहान पोर पहिल्यांदा पाटीवर गिरवतं तेव्हा घरचं माणूस पाहतं तसे, पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

तिनं नाव पुरं केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "मनकर्णा."

रफार चुकीच्या अक्षरावर पडला होता. मी पेन खिशात ठेवला.